हातातल्या संगणकाचा ताप

स्टीम डेक, आरओजी अलाय किंवा निन्टेन्डोचा स्विच हातात धरून तासभर खेळणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत: पाठ तापते आणि पंखा घोंघावू लागतो. हौशी मंडळींचा यावरचा तोडगा ठरलेला आहे. मागचे झाकण उघडायचे, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, जागा असेल तर तांब्याची पट्टी बसवायची आणि चिप थंड राहू लागली की तिचा वेग वाढवायचा. तोडगा चुकीचा नाही, पण त्यामागचा हिशेब अर्धाच मांडलेला असतो. चिप तापते म्हणून यंत्र मंदावते, हे भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या संगणकाबाबत बऱ्याचदा खरे असते. हातातल्या संगणकात मात्र थंड करण्याची ताकद संपण्याआधीच बॅटरी तरी संपते किंवा धरणाऱ्याची सहनशक्ती. म्हणून अशा यंत्राला टिकाऊ वेग द्यायचा तर मुळात उष्णताच कमी निर्माण व्हायला हवी. झालेली उष्णता बाहेर काढण्याची सोय ही त्यानंतरची गोष्ट.

आधी पंखा नसलेले यंत्र, म्हणजे मोबाइल फोन घेऊ. त्याचा सगळ्या बाजूंचा पृष्ठभाग मिळून जेमतेम २८० चौरस सेंटिमीटर भरतो. स्थिर हवेत दर चौरस मीटरमागे आणि तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे साधारण १० वॉट उष्णता बाहेर पडते. खोलीतली हवा २५ अंश सेल्सिअस आणि फोनची पाठ ४५ अंश धरली, तर फरक २० अंशांचा आणि उत्तर साधारण साडेपाच वॉट. आत तांबे घाला नाहीतर ग्राफाइटचे पत्रे, त्यांनी उष्णता पाठभर समान पसरेल, एका जागी चटका बसणार नाही. पण सतत बाहेर पडू शकणारी उष्णता या आकड्याच्या फार पुढे जाणार नाही. पाठ ६० अंशांपर्यंत तापू दिली तर जाईल, पण मग फोन हातात धरायचा कुणी? मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की ४४ अंशांचा स्पर्शही सुमारे सहा तास टिकला तर त्वचा भाजते. आता हाच हिशेब मे महिन्यातल्या चंद्रपुरात किंवा अकोल्यात करून पाहा. हवा ४० अंश झाली की फरक उरतो पाच अंशांचा आणि साडेपाच वॉटांचे होतात जेमतेम १.४. हवाच ४५ अंशांवर गेली, तर उष्णतेला बाहेर पडायला कारणच उरत नाही. स्टीम डेकसाठी व्हॉल्व्ह कंपनीने भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतची गृहीत धरली आहे, ही मर्यादा विदर्भाचा उन्हाळा पाहून आखलेली नाही हे उघड आहे.

पंखा आला की चित्र पालटते, पण नेमके काय पालटते ते नीट पाहिले पाहिजे. स्टीम डेकमधली चिप ४ ते १५ वॉट खाते. ही वीज शेवटी सगळी उष्णताच होते. १५ वॉट उष्णता घेऊन हवा २० अंशांनी तापायची असेल, तर दर सेकंदाला सहाशे मिलिलिटरच्या आसपास हवा पंख्यातून जावी लागते. ही मागणी अवाच्या सव्वा नाही. चिपवरची उष्णता पंख्यासमोरच्या पातळ पात्यांपर्यंत नेण्याचे काम हीट पाइप करतो. तांब्याच्या चपट्या नळीत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून टाकल्याने ते कमी तापमानालाच उकळते. भाताच्या पातेल्यातली वाफ झाकणाला लागून पाणी होते, तशी चिपकडच्या टोकाला झालेली वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला जाऊन पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. आज फोनच्या जाहिरातीत मिरवणारा व्हेपर चेंबर म्हणजे त्याच नळीचे पसरट रूप. या सगळ्या व्यवस्थेचा खरा फायदा असा, की चिपचे तापमान हाताच्या तापमानापासून वेगळे होते. चिप ९० अंशांवर असली तरी उष्णता वरच्या झरोक्यातून निघून जाते, तळहाताला तिचा पत्ता लागत नाही. मात्र पंख्याला आवाज असतो. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि वेग दुप्पट केला तर आवाजात साधारण १५ डेसिबलची भर पडते.

आता वेगाकडे वळू. चिप जेव्हा काम करत असते, तेव्हा तिला लागणारी वीज घड्याळाच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. गोम अशी की वेग वाढवायला बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा वेग १५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावे लागले, तर विजेचा खर्च १५ नव्हे, सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान होतील तसे त्यांचे व्होल्टेजही खाली आणता येईल, म्हणजे वेग वाढूनही उष्णता आटोक्यात राहील. तीसेक वर्षे हे जमत गेले. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले. इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला, तो याच भिंतीला धडकून. मोठमोठे हीटसिंक ज्यांच्या दिमतीला होते त्यांची ही गत, तर तळहातावरच्या यंत्राची काय कथा!

माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा स्विचच देतो. २०१७ मध्ये आलेल्या या यंत्राचा ग्राफिक्सचा भाग टीव्हीच्या डॉकवर ७६८ मेगाहर्ट्झने चालतो आणि हातात घेतला की साधारण ३०० ते ४६० वर उतरतो. पंखा तोच, चिपही तीच. बदलते ते एवढेच, की वीज भिंतीतून येण्याऐवजी १६ वॉट-तासांच्या बॅटरीतून येते. कंपनीने बॅटरीचा वेळ अडीच ते साडेसहा तास सांगितला होता. अडीच तासांत १६ वॉट-तास संपतात म्हणजे अख्खे यंत्र, पडद्यासकट, साडेसहा वॉटांच्या आत भागवते. २०१९ च्या आवृत्तीत चिप २० नॅनोमीटरऐवजी १६ नॅनोमीटर तंत्राने बनवली गेली. बॅटरी जुनीच, तरी वेळ साडेचार ते नऊ तास झाला. खर्च साडेतीन वॉटांवर आला, आणि तोही थंड करण्याची कुठलीही नवी युक्ती न योजता.

उलट बाजूने पाहायचे तर २०२३ चा आरओजी अलाय आहे. असुसने त्याला दोन पंखे दिले आणि टर्बो मोडमध्ये चिपला २५ वॉट, चार्जर लावल्यावर ३० वॉटही खाऊ दिले. पण बॅटरी ४० वॉट-तासांची. २५ वॉट चिपचे आणि वर पडदा, मेमरी, वायफाय. बॅटरीवर तासाभराच्या पलीकडे फारसे काही उरत नाही. त्याच वर्षी कंपनीने हेही मान्य केले की उष्णतेच्या काही परिस्थितींत मेमरी कार्डाची खाच बिघडू शकते. चिपची उष्णता काढली तरी वाटेत शेजारी कोण बसले आहे याचाही विचार लागतो. २०२४ च्या अलाय एक्समध्ये सर्वांत ठळक सुधारणा काय होती? बॅटरी दुप्पट, ८० वॉट-तास. वजन ६०८ ग्रॅमवरून ६७८ वर गेले, आणि ते हातांनीच पेलायचे.

यावर आक्षेप घेता येतील, आणि त्यांत तथ्यही आहे. थंडाव्याने वेग वाढतोच, असे म्हणणारे रास्पबेरी पाय ४०० कडे बोट दाखवतील. रास्पबेरी पाय ४ चा प्रोसेसर १.५ गिगाहर्ट्झचा होता आणि ८० अंशांला तो स्वतःचा वेग आवरू लागे. २०२० च्या पाय ४०० मध्ये त्याच चिपची सुधारित आवृत्ती, कीबोर्डखालच्या मोठ्या धातूच्या पत्र्यासह आणि पंख्याशिवाय, १.८ वर चालली. उदाहरण बिनतोड आहे, पण ते यंत्र चार्जरवर चालणारे आणि टेबलावर बसणारे. तिथे आडवी येत होती ती फक्त उष्णता. दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे: चिप थंड असली की वीजगळती कमी होते, म्हणजे थंडाव्यातूनही काटकसर साधते. हे खरे आहे आणि नवी पेस्ट लावण्याचे समर्थन यातच आहे. पण स्टीम डेकसारखे यंत्र १५ वॉटांच्या मर्यादेला टेकलेले असेल, तर पेस्ट बदलून तापमान दहा अंशांनी उतरले तरी मर्यादा १५ वॉटांचीच राहते. खेळ जवळपास तितकाच पळतो, पंखा मात्र हळू फिरतो. ही मिळकत लहान नाही. तिला वेग म्हणू नये एवढेच. तिसरा आक्षेप क्षणिक वेगाचा. २०० ग्रॅमचा फोन एक अंशाने तापायला साधारण १६० ज्यूल लागतात. बाहेर टाकता येते त्याहून पाच वॉट जास्त उष्णता झाली, तरी २० अंश चढायला दहा मिनिटे जातात. फोटो टिपणे, नकाशा उघडणे यांसाठी एवढी मुदत भरपूर आहे, आणि पेनसिल्व्हेनिया व मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा ‘स्प्रिंट’ पद्धतीच्या, म्हणजे थोडा वेळ जोरात धावून घेणाऱ्या, गणनेचा पद्धतशीर विचार मांडला होता. दोन तासांच्या खेळाला मात्र ही उधारी पुरत नाही.

नव्या थंडाव्याच्या तंत्रांनाही स्वतःचा खर्च आहे. कंप पावणाऱ्या पडद्यांनी हवा ढकलणारा, पात्यांचा पंखा नसलेला एअरजेट मिनी सव्वापाच वॉट उष्णता काढतो आणि त्यासाठी एक वॉट घेतो. लॅपटॉपला हे परवडेल. साडेतीन वॉटांत अख्खा संसार चालवणाऱ्या यंत्रात एक वॉट म्हणजे जबर वर्गणी. त्यापेक्षा खेळणाऱ्याच्या हाती असलेला स्वस्त उपाय स्टीम डेकच्या सेटिंगमध्येच दडला आहे. पडद्याचा दर ६० ऐवजी ४० हर्ट्झ ठेवला आणि खेळ दर सेकंदाला ४० चित्रांवर बांधला, की प्रत्येक चित्राला २५ मिलिसेकंद मिळतात. ६० चित्रांना १६.७ आणि ३० चित्रांना ३३.३, त्यांच्या बरोबर मध्यावर. म्हणजे ३० वरून ६० वर गेल्याने जेवढी वाट पाहणे कमी होते, त्यातले निम्मे ४० वरच पदरात पडते, आणि ६० च्या तुलनेत दर सेकंदाला एक तृतीयांश चित्रे कमी काढावी लागतात. चिपला तेवढी उसंत मिळाली की व्होल्टेजही खाली येते, आणि त्याचा तर वर्ग होतो.