परदेशी उत्पन्नाचं पत्र म्हणजे दंडाची नोटीस नव्हे

परदेशातलं उत्पन्न विवरणपत्रात दिसत नाही, असं आयकर विभागाचं पत्र आलं की अनेकांना ती दंडाची नोटीस वाटते. बहुतेकदा ती फक्त सूचना असते. शंभराहून अधिक देश सीआरएसनुसार (बँकखात्यांची माहिती परस्परांना कळवण्याची ठरलेली पद्धत) तपशील पाठवतात. अमेरिकेशी वेगळा करार आहे. विभाग हे तपशील आपल्या विवरणपत्राशी ताडून पाहतो. पासबुक आणि घरची हिशेबवही जुळली नाही की आपणही आधी राहिलेली नोंद शोधतो, तसंच हे.

‘तिकडे कर कापलाय, मग इथे कशाला सांगायचं?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात गल्लत आहे. दुहेरी करातली सवलत कराच्या रकमेपुरती असते. माहिती देण्याचं बंधन त्याने सुटत नाही. पुण्यात राहणाऱ्या अभियंत्याला मिळालेले अमेरिकी कंपनीचे शेअर लाभांश देत नसले, तरी परिशिष्ट ‘एफए’त (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवावे लागतात, तेही जानेवारी ते डिसेंबर या वर्षानुसार. ते लपवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, नोंदीतून नाही. मुदत उरली असेल तर सुधारित विवरणपत्र भरावं. विभागाकडची माहितीच चुकीची असेल, तर तसं कागदपत्रांसह कळवावं.