पत्ता वाचावा शेवटाकडून!

टपालखाते पाकिटावरचा पत्ता शेवटाकडून वाचते. आधी जिल्हा, मग गाव, मग घर. ई-मेलमधील दुव्याचेही तसेच आहे.

मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना ई-मेल आला : ‘तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, ताबडतोब बदला.’ अशा गळ टाकण्याला ‘फिशिंग’ म्हणतात. बटण दाबल्यावर उघडणारा पत्ता होता, मायअकाउंट.गूगल.कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके. आता उलटे वाचा. ‘टीके’ हा जणू जिल्हा, ‘कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज’ हे गाव. तोच खरा धनी. ‘गूगल’ ही नुसती दारावरची पाटी, आणि पाटी काय, कोणीही लावावी! ‘कॉम’नंतर जोडरेघेऐवजी तिरकी रेघ असती, तर पत्ता खरोखरच गूगलचा ठरला असता. (तिरकी रेघ आली की वाचन तिच्या डावीकडून सुरू करायचे.)

गंमत पाहा. शंका आली म्हणून तंत्रज्ञाला विचारले, तर त्याने ‘अस्सल आहे’ असे कळवले. लिहायचे होते ‘नकली’, असे तो पुढे म्हणाला. पोडेस्टांची हजारो पत्रे त्याच वर्षी जगजाहीर झाली.

असा ई-मेल आल्यास बटण दाबू नका, पत्ता स्वतः टंकून संकेतस्थळावर जा. पासवर्ड देऊन बसला असाल, तर तिथेच लगेच बदला. पैसे गेले असतील, तर घरच्यांना सांगून १९३० हा क्रमांक फिरवा, तोही त्याच घटकेला.