शुभेच्छापत्रांची खिळाछपाई

शुभेच्छापत्रांची खिळाछपाई म्हणजे धातूचे सुटे खिळे किंवा उठावाचे ठसे शाई लावून कागदावर दाबून सणासुदीची व मंगलप्रसंगांची पत्रे छापण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात दिवाळीची शुभेच्छापत्रे, तिळगुळाच्या पुडीसह टपालाने पाठवली जाणारी संक्रांतीची भेटपत्रे आणि लग्नपत्रिका दीर्घकाळ याच पद्धतीने छापल्या जात. ऑफसेट मुद्रण व संगणकीय अक्षरजुळणीमुळे हा व्यवसाय मागे पडला. आता लहान हातयंत्रावर घरगुती हस्तकला म्हणून ही पत्रे तयार केली जातात.

पार्श्वभूमी

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला. देवनागरी खिळ्यांत छापलेले विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे प्रसिद्ध झाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झालेले टॉमस ग्रॅहम आणि पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनी सुबक देवनागरी खिळे घडवले. जोडाक्षरे व मात्रांमुळे देवनागरीला रोमन लिपीपेक्षा कितीतरी अधिक प्रकारचे खिळे लागत. ही संख्या कमी करण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनीही केला होता.

साहित्य

खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. अँटिमनीमुळे धातूला कठीणपणा येतो, तर कथिलामुळे तो साच्यात नीट पसरतो. खिळ्याची उंची सामान्यतः ०.९१८ इंच (सुमारे २३.३ मिमी) असते. सर्व खिळे व ठसे या एकाच उंचीचे असल्याशिवाय छाप सारखी उमटत नाही.

घरी छपाईसाठी टेबलावर मावणारे हातयंत्र पुरते. पायाने चालणाऱ्या ट्रेडल यंत्राला पक्की जमीन व अधिक जागा लागते. यंत्र नसल्यास लिनोलियमवर कोरलेला ठसा लाकडी फळीवर चिकटवून, कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासूनही छाप घेता येते.

सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद या कामास विशेष योग्य असतो, कारण त्याचे मऊ तंतू दाबाखाली सहज बसतात. पुणे जिल्ह्यात कागदनिर्मितीची परंपरा जुनी आहे. जुन्नर हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र होते. पुण्यातील हातकागद संस्था १९४० साली स्थापन झाली.

कृती

१. जुळणी : खिळे केसमधून उचलून जुळणीच्या पट्टीत डावीकडून उजवीकडे, पण उलटे लावतात. प्रत्येक खिळ्यावरील खाच एकाच बाजूला आली की तो योग्य दिशेने बसल्याचे कळते. शब्दांमध्ये स्पेस व ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालतात.

२. आवळणी : जुळलेला मजकूर लोखंडी चौकटीत ठेवून भोवती लाकडी ठोकळे भरतात व चौकट आवळतात. चौकट किंचित उचलून पाहिल्यावर एकही खिळा हलता कामा नये.

३. छाप : शाईचा पातळ, एकसारखा थर रुळाने लावून कच्ची प्रत काढतात. एखादे अक्षर फिके आले, तर कागदामागील अस्तरावर त्या जागी पातळ कागदाचा तुकडा चिकटवतात. दोन रंग हवे असल्यास प्रत्येक रंगाची छाप स्वतंत्र घ्यावी लागते.

४. वाळवण : तेली शाई हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळते. मुळशीसारख्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत पावसाळ्यातील दमट हवेने कागद फुगतो व शाई उशिरा वाळते. अशा वेळी पत्रे एकमेकांवर न रचता सुटी ठेवणे इष्ट ठरते.

देवनागरीतील विशेष अडचणी

देवनागरीत शिरोरेषा एका खिळ्यावरून दुसऱ्यावर अखंड जावी लागते. खिळ्यांच्या कडा झिजल्या की रेषेत बारीक फटी दिसू लागतात. जुन्या मराठी पुस्तकांत त्या सहज आढळतात. कागदात खोल रुतलेला ठसा आज आकर्षक मानला जात असला, तरी पूर्वीचे मुद्रक तो दोष समजत, कारण जास्त दाबाने खिळे लवकर झिजतात. म्हणून खोल ठशासाठी प्रकाशसंवेदी प्लॅस्टिकचा ठसा वापरणे सोयीचे असते.

सुरक्षितता

शिसे विषारी असून बालकांना त्यापासून अधिक धोका असतो. खिळे हाताळल्यावर साबणाने हात धुणे, खिळ्यांजवळ न खाणे आणि हे काम स्वयंपाकघरात न करणे आवश्यक आहे. जुन्या खिळ्यांवर साचलेली पांढरी भुकटी फुंकरीने उडवू नये. घरी खिळे वितळवणे धोकादायक आहे. रॉकेलने शाई पुसताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळ ज्योत नसावी.

सद्यःस्थिती

छापखाने बंद होताना खिळे बहुधा शिशाच्या भावाने मोडीत निघाले. एखाद्या संचातील ‘ज्ञ’ किंवा ‘श्री’ हरवला, तर त्याच वळणाचा दुसरा खिळा मिळणे कठीण असते आणि मग ते अक्षर असलेला शब्दच त्या संचात जुळवता येत नाही. त्यामुळे छपाई संपताच खिळे पुसून केसमधील आपापल्या घरात परत ठेवणे, हा या कामाचा अखेरचा आणि तितकाच महत्त्वाचा टप्पा आहे. उरलेली काही ट्रेडल यंत्रे क्रमांक छापणे, कागदाला छिद्ररेषा पाडणे आणि पुठ्ठा कापणे अशा कामांसाठी वापरली जातात.