उणे ४० अंश, तेही परभणीत?

मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि स्कॅनर मात्र इंजिनाच्या कूलंटचं तापमान उणे ४० दाखवतो! हा आकडा म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सरचं सर्किट कुठेतरी तुटल्याची खूण. सोबत बहुधा पी०११८ हा कोड येतो, रेडिएटरचा पंखा थांबत नाही आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते.

लगेच नवा सेन्सर आणायला धावू नका. इग्निशन बंद करून सेन्सरचा दोन पिनांचा सॉकेट काढा, सॉकेटच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा जोडा आणि इग्निशन चालू करा. आकडा एकदम शंभरापार उडाला तर वायरिंग शाबूत, दोष सेन्सरचाच. उणे ४० वरच अडून बसला तर आधी वायरचा माग काढा. आखाड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती उंदरांनी कुरतडलेली असू शकते.

मल्टीमीटर असेल तर खात्री सोपी: बऱ्याच छोट्या गाड्यांत हा सेन्सर २० अंशांना २ ते ३ किलोओहम दाखवतो, ८० अंशांच्या पाण्यात बुडवला की ३०० ओहमच्या आसपास उतरतो.

सेन्सर काढण्याआधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम कूलंट दाबाखाली असतं, ते थेट अंगावर उडतं.