धुळीतला धातू, डोळ्यातला गंज

(रस्त्याकडेचं आरोग्य : लेखांक ४)

रस्त्यावरची धूळ फुप्फुसात कुठवर पोचते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता डोळ्यांकडे वळू.

धातूंची धूळ ही मोठ्या शहरांची डोकेदुखी, असा आपला समज असतो. पण गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं सौंदड घ्या. भोवती धानाच्या बांध्या, आणि गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ नंबर. नागपूर–रायपूर मालवाहतूक याच रस्त्याने चालते. धातूच्या धुळीला कारखान्याची चिमणी लागत नाही. ट्रकची चाकं पुरतात.

चालकाने ब्रेक दाबला की लायनर झिजतो आणि लोखंड, तांबं, अँटिमनीचे बारीक कण रस्त्यावर पडतात. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं, त्यामुळे टायर झिजेल तिथे जस्त सांडतं. शिसं येतं ते फुटक्या बॅटऱ्यांतून, जुन्या रंगाच्या पोपड्यांतून. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने ते २०२१ मध्ये थांबवलं. पण धातू कुजत नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेला मातीत मुरलेलं शिसं वाहनांच्या वाऱ्याने आजही उडतं.

बुबुळावरचा अश्रूंचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. धुळीने तो बिघडला की डोळे लाल होतात, खाजतात, कोरडे पडतात. तांबं, लोखंड यांसारखे धातू पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतात, म्हणून चुरचूर लवकर शमत नाही.

लोखंडाचा कण बुबुळात रुतला तर प्रकरण आणखी वाढतं. गॅरेजमध्ये ग्राइंडर चालवताना हे नेहमी घडतं. अश्रूंच्या ओलाव्याने कण काही तासांतच गंजू लागतो आणि त्याच्याभोवती तपकिरी कडं धरतं. कण निघाला तरी कडं मागे राहू शकतं. ते नेत्रतज्ज्ञाला बारीक उपकरणाने खरवडून काढावं लागतं. आपल्याकडे मात्र कुणी रुमालाचं टोक फिरवतं, कुणी काडी घालतं, कुणी जिभेने कचरा काढून देतं. त्यात बुबुळ खरचटतं. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग शिरला, आणि शेतीकामात तो धोका मोठा असतो, तर डोळ्यात कायमचं फूल पडू शकतं.

शिशाची चाल वेगळी आणि संथ आहे. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या ६४२ पुरुषांच्या नडगीच्या हाडातलं शिसं मोजून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक शिसं असलेल्या गटात मोतीबिंदूची शक्यता सर्वांत कमी शिसं असलेल्या गटाच्या अडीच पटींहून अधिक दिसली. मोतीबिंदूचं मुख्य कारण वय हेच. शिसं त्यात भर घालत असावं, एवढंच यावरून म्हणता येतं. आपल्यासाठी कळीचा मुद्दा असा की, हे शिसं डोळ्यात उडालेल्या धुळीतून भिंगापर्यंत जात नाही. ते धुळीच्या हातांनी आणि उघड्या खाण्यातून पोटात जातं, श्वासातूनही येतं, रक्तात मिसळतं आणि वर्षानुवर्षं हाडांत साठून राहतं. म्हणजे डोळ्यांची राखण गॉगलइतकीच हात धुण्यानेही होते.

तेव्हा एवढं पाळा. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. ग्राइंडर, वेल्डिंगला संरक्षक चष्मा लावा. डोळ्यात कचरा गेला तर न चोळता स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. तरी खुपत असेल, किंवा धातूचा कण गेल्याची शंका असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. मध, तूप, गुलाबपाणी घालू नका. दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत, बुरशीचा संसर्ग असेल तर त्यांनी तो बळावतो. आणि महामार्गालगत अंगणात खेळणाऱ्या मुलांना हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसवू नका.