पट्टी बदलताना मंडळी का थबकते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेला गाणी अनेक वाटांनी येतात. नारायण वामन टिळकांचे भजन काळी दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या काळ्या कळीला सा धरून होते, त्याला जोडून हिंदी कोरस, मग परदेशी चालीवर बसवलेले जुने मराठी गीत. वणी-पांढरकवड्याकडे आदिलाबाद जवळ, त्यामुळे एखादे तेलुगू गीतही त्यात असू शकते. 1953 ते 1983 अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतले विद्यार्थी इथे शिकत होते. त्यामुळे एका उपासनेत तीन-चार पट्ट्या, म्हणजे तीन-चार वेगवेगळे सा येणे इथे नवलाचे नाही.

अडचण येते ती दोन गाण्यांच्या मधल्या चार-पाच सेकंदांत. पट्टी बदलते आणि पहिल्या ओळीला अर्धी मंडळी गप्प राहते. मग कुणीतरी म्हणतो, ‘लोकांना सूर कळत नाही.’ हे मला कधीच पटले नाही. लोकांना सूर कळतो म्हणून तर ते थांबतात. त्यांच्या कानात जुना सा पक्का बसलेला असतो आणि नवा सा त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

सर्वांत जास्त गोंधळ करणारा समज असा की शेजारची कळ म्हणजे जवळची पट्टी. पांढरी एकवरून काळी एकवर जायचे, बोटभर अंतर, त्यात अवघड ते काय? कळी जवळ असतात, पट्ट्या मात्र लांब असतात. पांढरी एकचे सात शुद्ध स्वर आणि काळी एकचे सात शुद्ध स्वर समोरासमोर मांडून पाहा. दोन्हींत सामाईक स्वर फक्त दोन: पांढरी एक आणि पांढरी चार. बाकीचे पाच बदलतात. कानाला हा सगळा मुलूखच परका वाटतो. उलट पांढरी एकवरून पांढरी चारवर गेलात, म्हणजे मध्यमाला सा केलात, तर सातांपैकी सहा स्वर तेच राहतात. फक्त शुद्ध निषादाचा कोमल होतो. पांढरी पाचवर, म्हणजे पंचमावर गेलात तरी सहा तेच, फक्त मध्यम तीव्र होतो. पांढरी दोनवर पाच स्वर टिकतात. म्हणून गाण्यांचा क्रम शनिवारी ठरवतानाच पट्ट्या शेजारी लिहाव्यात. शक्य असेल तिथे मध्यम किंवा पंचमाच्या नात्यातल्या पट्ट्या लागोपाठ ठेवल्या की निम्मे काम तिथेच होते.

उरलेले निम्मे काम नव्या पट्टीच्या पंचमावरची सेव्हन्थ कॉर्ड करते. पांढरी एकवरून (सी) पांढरी दोनवर (डी) जायचे आहे असे धरा. नवा सा डी, त्याचा पंचम ए, म्हणून ए सेव्हन. या कॉर्डमध्ये चार स्वर असतात: ए, काळी एक, ई आणि जी. त्यातला जी हा जुन्या पट्टीचा पंचम. तो नव्या पट्टीचा मध्यम होतो आणि उतरून नव्या गंधारावर येऊ पाहतो. काळी एक हा पाहुणा स्वर, नव्या पट्टीचा निषाद. तो वर नव्या सा कडे ओढतो. दोन स्वर दोन बाजूंनी एकाच घराकडे बोट दाखवतात. त्यामुळे डी वाजायच्या आधीच मंडळीला तो ऐकू आलेला असतो. हे अजून मऊ करायचे असेल तर ए सेव्हनच्या आधी ई मायनर घ्या. तिचे तिन्ही स्वर दोन्ही पट्ट्यांत आहेत. सी, ई मायनर, ए सेव्हन, डी: प्रत्येकी चार मात्रा, झाले.

आणि शेजारच्याच कळीवर जावे लागले तर? तेही जमते. जुना सा दाबून ठेवा आणि त्याच्याखाली काळी चारची सेव्हन्थ लावा. जुना सा आता नव्या पट्टीचा निषाद झाला; तो अर्धा स्वर वर सरकला की काळी एक. ज्या स्वरावर लोक उभे होते, त्याच स्वराचा हात धरून त्यांना वर नेता येते.

कीबोर्डची सगळी पट्टी एकदम वर-खाली करणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटनाबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक गट म्हणतो, बटन ही लबाडी. तसे असेल तर कळपट्टी सरकवणारी स्केल चेंजर पेटी आणि गिटारचा कॅपो हीदेखील लबाडीच ठरेल. साधन आहे, वापरावे. दुसरा गट म्हणतो, बटन असल्यावर शिकायचे काय? पण बटन फक्त पट्टी हलवते, कानाची तयारी करत नाही. मी स्वतः एकदा पॅडचा आवाज लांबवत असतानाच बटन दाबले. जुने स्वर तसेच रेंगाळले, नवे त्यांच्यावर आदळले आणि प्रार्थनेत असलेली मंडळी चमकून वर पाहू लागली. तेव्हापासून पांढरी एकवरून दोनवर जाताना माझा क्रम ठरलेला आहे: पेडलवरचा पाय उचलायचा, हात उचलायचे, बटन दोनदा वर, मग ओळखीच्या आकाराची जी सेव्हन. ती आता ए सेव्हन वाजते. त्यानंतर सी चा आकार, जो डी वाजतो. गिटारवाल्याला मात्र खरी पट्टी आधी सांगून ठेवायची. नाहीतर आपण ‘सी’ म्हणतो आणि तो खरोखरच सी वाजवतो.

पट्टी बदलणे ही पाश्चात्त्य रीत आहे, आपल्या भजनात ती बसत नाही, असेही पुष्कळदा ऐकू येते. यात अर्धेच खरे आहे. रागात बांधलेले भजन चालू असताना सा हलवू नये. भीमपलासीच्या मधल्या कडव्यात पट्टी चढवली की राग मोडतो. पण एका सप्तकाच्या वेगळ्या स्वराला षड्ज मानण्याची कल्पना, म्हणजे मूर्च्छना, भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. ठुमरी-भजन गाणारे मध्यमाला सा मानून गातात तेव्हा तेच करतात. कीबोर्डवर तिचा उपयोग सुंदर होतो. पांढरी एकमधल्या भैरवीचे सात स्वर आणि काळी चारमधल्या शुद्ध स्वरांच्या गीताचे सात स्वर अगदी तेच आहेत. भैरवीतले भजन संपवून, त्याच्या कोमल धैवतावर थोडे थांबून, काळी चारमधले गीत सुरू करा. एकही कळ बदलावी लागत नाही. पांढरी दोनमधला काफी आणि पांढरी एकमधले शुद्ध स्वर यांचेही असेच नाते आहे.

शेवटच्या कडव्याला पट्टी चढवली की जोश येतो, हा समज तर सवयच होऊन बसला आहे. चढवण्याआधी गाण्यातली सर्वांत उंच जागा शोधा, सा कुठे आहे ते नंतर पाहा. न शिकलेल्या बहुतेक गळ्यांना पांढरी एकच्या तार सप्तकातल्या रे-ग पलीकडे ताण पडतो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात, पण त्यांनाही तिथेच अडते. गाणे आधीच तार रे ला भिडत असेल तर दोन कळी वर नेल्यावर स्टेजवरचे चार जण गातात आणि म्हातारी माणसे पुस्तकात पाहत राहतात. अशा वेळी खाली उतरणे किंवा तिथेच राहणे बरे.

मधली जागा भरपूर सुरावटींनी भरली की बदल जाणवत नाही, हेही खरे नाही. जास्त सुरांत नवा सा हरवतो. ताल मात्र तुटू देऊ नये. ढोलकी किंवा ऑक्टपॅड चालू राहिला तर लोक पायांनी तरी गाण्यात राहतात.

इतके करूनही कधी चुकतेच. अशा वेळी पुन्हा जुन्या पट्टीत पळू नये, जोरातही वाजवू नये. डाव्या हाताने नवा सा आणि पंचम धरावा, उजव्या हाताने गाण्याची नुसती चाल, एकेक स्वर वाजवावा. पहिली ओळ गेली तर जाऊ द्यावी. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावरचा आवाज येतो.