चूल विझली की वैलही गार

आमच्या आजोळी चुलीला लागून एक वैल होता. जाळ एकच, सरपण एकच. पुढे तव्यावर आजीच्या भाकऱ्या होत आणि आतल्या आत बाजूला सरकणाऱ्या धगीवर वैलावरची आमटी गरम राही. वैलासाठी कुणी वेगळे लाकूड घातलेले मला आठवत नाही. ती आमटी जणू फुकटच गरम राहत होती. या साध्या व्यवस्थेची आठवण मला पन्नाशीनंतर झाली, तीही ओटावा शहरात, उणे चोवीस अंशांच्या एका पहाटे, एका छोट्या हायब्रिड मोटारीत बसलेलो असताना.

मी अभियंता नाही. हिशेबनिसाची नोकरी करत आलो. मोटारीविषयी जे काही कळते ते ग्रंथालयातल्या दुरुस्तीच्या पुस्तकांतून, गॅरेजवाल्यांशी गप्पा मारून आणि मुख्यतः स्वतःच्या नोंदवहीतून. बायको इथल्या एका रुग्णालयात परिचारिकेची मदतनीस आहे. तिची पाळी सकाळी सातला सुरू होते, रुग्णालय घरापासून सहा किलोमीटर. त्या वेळेला बस नीट मिळत नाही, आणि ती पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या बाईला घरी जाता येत नाही. म्हणून गाडी हवी, तीही पेट्रोल कमी पिणारी. २०१७ साली आम्ही चार वर्षे वापरलेली टोयोटा प्रियस सी घेतली. हीच गाडी २०११च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘ॲक्वा’ या नावाने बाजारात आली होती. लांबी चार मीटरच्या किंचित आत, इंजिन दीड लिटरचे, पेट्रोलची टाकी जेमतेम ३६ लिटरची. म्हणजे आपल्याकडच्या हॅचबॅक गाड्यांच्याच मापाची.

हायब्रिडला मराठीत ‘संकरित’ म्हणतात. तो शब्द मला पटत नाही, कारण त्यावरून ज्वारीचे बियाणे डोळ्यांपुढे येते. इथे संकर नाही, सहजीवन आहे. एक पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटरी एकाच दंतचक्राला जोडलेल्या असतात. या चक्राच्या मध्यभागी ‘सूर्य’, त्याच्याभोवती फिरणारे ‘ग्रह’ आणि सर्वांत बाहेर एक कडे. इंजिन ग्रहांना फिरवते, लहान मोटर सूर्याला जोडलेली, मोठी मोटर आणि पुढची चाके कड्याला. या एका योजनेमुळे क्लच नाही, गिअर बदलणे नाही, वेगळा स्टार्टर नाही. वेग कमी करताना मोठी मोटर उलट्या भूमिकेत जाते आणि चाकांची गती बॅटरीत वीज म्हणून जमा करते. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद. हळू निघायचे असेल तर बॅटरीवरच निघते. थोडक्यात, या गाडीची सारी काटकसर एका गोष्टीत आहे: गरज नसेल तेव्हा चूल विझवून टाकायची.

त्यात इंजिनही मुळात मितव्ययी. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८०च्या दशकात एक तत्त्व मांडले, की वायू जितका दाबला त्याहून अधिक त्याला पसरू दिला तर त्याच्याकडून जास्त काम काढून घेता येते. या गाडीत झडप उशिरा बंद करून तेच साधले आहे. जोर थोडा कमी मिळतो, पण ती उणीव मोटर भरून काढते. तरीही पेट्रोलमधल्या उर्जेचा साधारण तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, प्रत्यक्ष कामाला येतो. बाकीची उष्णता होऊन रेडिएटरवाटे आणि धुराड्यावाटे जाते. तिला आपण ‘वाया गेलेली’ म्हणतो.

आता वैलाकडे येऊ. कोणत्याही साध्या मोटारीत थंडीत जी गरम हवा अंगावर येते ती याच वाया जाणाऱ्या उष्णतेची असते. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी एका छोट्या जाळीतून जाते, पंखा त्यावरून हवा फेकतो. मोटार चालवणाऱ्याला वाटते हीटर फुकट आहे, आणि साध्या गाडीत तो जवळजवळ फुकट असतोही, कारण तिथे चूल अखंड पेटलेली असते. हायब्रिडमध्ये चूल वारंवार विझते आणि पेटलेली असते तेव्हाही कमी धग सोडते. उणे वीस अंशांत उतारावरून जाताना तर इंजिनातले पाणी चालत्या गाडीत गार होते. मग हीटर चालू असेल तर गाडीचा संगणक काय करतो? पाण्याचे तापमान एका मर्यादेखाली गेले की इंजिन सुरू करतो. गाडी सिग्नलला उभी, बॅटरी भरलेली, चाकांना काही नको, आणि इंजिन चालू. केवळ वैलासाठी चूल पेटवलेली.

हे पहिल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले नाही. मला दिसले ते आकडे. जुलै-ऑगस्टमध्ये लिटरला एकवीस किलोमीटर देणारी गाडी जानेवारीत चौदावर आली. गाडी बिघडली असे धरून मी दोन गॅरेजे पालथी घातली. पुढे अमेरिकी सरकारच्या ऊर्जाखात्याची माहिती वाचनात आली. पंचवीस अंशांच्या तुलनेत उणे सात अंशांत, शहरात चालवताना, साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घसरते आणि हायब्रिडचे ३० ते ३४ टक्क्यांनी. माझी घसरण नेमकी त्यातच बसत होती. गाडी ठणठणीत होती.

हीटर हे यातले मोठे कारण, एकमेव नाही. बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड जातीची, मागच्या आसनाखाली बसवलेली. गारठली की ती वीज देतानाही हात आखडता घेते आणि घेतानाही, त्यामुळे ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा घटते. इंजिनाचे तेल दाट होते. थंड हवा वजनाला जड, तिला कापत जायला अधिक जोर लागतो. टायरांतला दाब दर पाच-सहा अंशांच्या घसरणीमागे साधारण एक पौंडाने उतरतो. हिवाळी पेट्रोलचे मिश्रणही वेगळे असते आणि त्यात ऊर्जा किंचित कमी असते. या सर्वांवर आमचे अंतर अवघे सहा किलोमीटर! पातेले तापेतो पंगत उठते. गाडी पहिला मिनिटभर तर धुराड्यातला शुद्धीकारक तापवण्यासाठीच इंजिन चालवते, मग पाणी तापवते, आणि जरा काटकसरीला लागते न लागते तोच रुग्णालयाचे दार येते.

ही अडचण गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत, २००३ नंतर, उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांना चक्क एक थर्मास बसवलेला असे. इंजिनातले सुमारे तीन लिटर गरम पाणी त्यात साठवायचे, ते तीन दिवसांपर्यंत ऊब धरून राही, आणि पुढच्या वेळी सुरू करण्याआधी ते इंजिनात सोडायचे. मुख्य हेतू थंड इंजिनाचा विषारी धूर कमी करण्याचा होता. २००९च्या तिसऱ्या पिढीत थर्मास गेला आणि धुराड्यातून जाणारी उष्णता पकडून पाण्याला देण्याची योजना आली. मला हा प्रवास फार बोलका वाटतो. ज्या उष्णतेला वाया गेलेली म्हणून शंभर वर्षे बाहेर फेकले, ती कमी पडू लागताच तिच्यासाठी बाटल्या आणि नळ्या आल्या.

मी मात्र त्या पहिल्या हिवाळ्यात वेगळाच मार्ग धरला. आकडा वर यावा म्हणून हीटर बंद ठेवू लागलो. काचेवर वाफ धरली की क्षणभर हवा सोडायची, पुन्हा बंद. मायलेज सोळावर गेले. मी खूश होतो. बायको कोट, टोपी, हातमोजे घालून शेजारी गप्प बसायची. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, “अहो, मी काय फ्रीजमधली भाजी आहे का?” मी हसण्यावारी नेले. तिने हातमोजा काढून बोटे पुढे केली. टोके पांढरीफटक पडली होती. या हातांनी तिला पुढच्या दहा मिनिटांत एका म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालायची होती. महिन्याला वाचत होते दहा-बारा डॉलर.

त्यानंतर अभ्यासाची दिशा बदलली. इंजिनाला विजेचा तापक बसवून घेतला. घरच्या प्लगला जोडायचा आणि टायमर पहाटे तीनला लावायचा. रात्रभर जोडून ठेवण्यात अर्थ नाही, अडीच-तीन तास पुरतात. पुढच्या जाळीच्या फटी, पाण्याच्या नळांना गुंडाळतात त्या फोमच्या नळ्यांनी अर्ध्या बुजवल्या, म्हणजे गार वारा थेट इंजिनावर येत नाही. मार्चअखेर त्या आठवणीने काढाव्या लागतात. आसनावर बारा व्होल्टवर तापणारी गादी टाकली. आख्ख्या डब्यातली हवा तापवायला काही किलोवॅट लागतात, माणसाची पाठ तापवायला शंभर वॅटही पुष्कळ झाले. आणि हीटर वीस अंशांवर, बंद नाही.

बारा व्होल्टवरून एक कबुली. या गाडीत १४४ व्होल्टची मोठी बॅटरी असते, तिच्या जोडीला साध्या गाडीतल्यासारखी एक लहान बॅटरीही असते. ती इंजिन फिरवत नाही. तिचे काम संगणकाला जागे करण्याचे आणि मोठ्या बॅटरीचे दार उघडण्याचे. एका रात्री डब्यातला दिवा मीच चालू ठेवला. सकाळी उणे सव्वीस. मागे कुबेराचे भांडार जसेच्या तसे, पण किल्लीवाला बेशुद्ध! शेजाऱ्याच्या गाडीला केबल जोडून सुरू होईपर्यंत बायको टॅक्सीने गेली होती, तरी पाऊण तास उशिरा. लहान बॅटरी थकली की दुसरी काही पूर्वसूचना मिळेलच असे नाही, म्हणून आता दर ऑक्टोबरात तिची तपासणी करतो.

बर्फावर चालवण्याबद्दल लोक फार विचारतात. चाक घसरले की संगणक मोटरचा जोर तत्काळ कापतो. ते बरोबरच आहे, पण बर्फ उपसणाऱ्या गाडीने दारापुढे रचलेला ढीग ओलांडताना नेमका तेव्हाच जोर हवा असतो. तो ढीग फावड्याने आधी काढावा हे उत्तम. ब्रेक दाबताना गोठलेल्या रस्त्यावर चाक घसरले तर वीज गोळा करणे थांबते आणि साधे ब्रेक ताबा घेतात. त्या अदलाबदलीच्या क्षणी गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. सवयीने भीती जाते, अंतर मात्र दुप्पट ठेवावे. हिवाळी टायरांना पर्याय नाही. नदीपलीकडे क्वेबेकमध्ये तिथल्या गाड्यांना ते १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीचे आहेत, अलीकडे आमच्या ओंटारिओत विम्यात सवलत मिळते एवढेच. थंडीत नेहमीच्या टायरांचे रबर लाकडासारखे कडक होते. मायलेज आणखी थोडे घटते, ते घटू द्यावे.

धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो. तिकडेही मोठ्या बॅटरीच्या हायब्रिड गाड्या मिळतात, तशी एक घ्यावी असे त्याच्या मनात आहे. “दादा, तुझी थंडी माझ्या काय कामाची?” असे तो विचारतो. मी त्याला म्हटले, तुझ्याकडे हेच कोडे उलट बाजूने आहे. साध्या गाडीचा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. सिग्नलला इंजिन बंद केले की मे महिन्यात घाम फुटतो. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन काही वेळ बंद राहूनही गारवा टिकतो. गारव्यासाठी तुला चूल सतत पेटती लागत नाही. तुझी अडचण धुळीची. ज्या गाड्यांत बॅटरी गार ठेवणारा पंखा आसनाजवळच्या खिडकीतून हवा ओढतो, तिथली जाळी वेळच्या वेळी साफ करून घे आणि त्या खिडकीवर पिशव्या ठेवू नकोस.

वहीत तारीख, तापमान, अंतर आणि मायलेज असे चार रकाने होते. दुसऱ्या हिवाळ्यापासून मी पाचवा आखला: रुग्णालयाच्या दाराशी पोचेपर्यंत तिने हातमोजे काढले होते की नाही. गेल्या जानेवारीच्या पानावर उणे बावीसच्या एका दिवसापुढे लिहिले आहे: सहा किलोमीटर, साडेचौदा, काढले.